जे घडले नाही, त्याबद्दल धन्यवाद



१८ ऑक्टोबरला संत लूक यांचा सण येतो. आपण त्यांना शुभवर्तमानकार म्हणून ओळखतो. संत पौलाने मात्र कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख वैद्य म्हणून केला आहे, आणि तोही मोठ्या मायेने. या सणाच्या निमित्ताने आम्हांला एक कबुली द्यायची आहे आणि एक मत मांडायचे आहे. आधी कबुली.

आम्ही म्हणजे धर्मग्रामातल्या आजाऱ्यांच्या घरी जाणारे सात-आठ स्वयंसेवक. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मराठी मिस्सा झाल्यावर हॉलमध्ये आम्ही बीपी आणि शुगर तपासायचे टेबल मांडतो. आमच्याच धर्मग्रामातले एक फिजिशियन डॉक्टर तिथे दोन तास बसतात. बेळगाव शहरातले लोक येतात, खानापूरकडचेही येतात. कुणी मराठीत बोलतो, कुणी कोकणीत, कुणी कन्नडमध्ये. डॉक्टर तिन्ही भाषांत ऐकून घेतात.

दोन वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत आमच्या ओळखीचे एक काका साक्ष द्यायला उभे राहिले. चौदा वर्षांची शुगर. हात वर करून ते म्हणाले, “गोळ्या सोडलो की ओ मी! आता भरवसा फक्त देवावर.” सभेत आलेलुयाचा गजर झाला, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. शुगर शेवटची कधी तपासली, डॉक्टरांना विचारले का, हे दोन साधे प्रश्न आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारले नाहीत. अशा वेळी प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेला नाट लावणे, असे आम्हांला वाटले.

पाच महिन्यांनी काकांच्या पायाला नवी चप्पल लागली. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात आणि दुखण्याची जाणीव कमी होते. जखम झाल्याचे काकांना कळलेच नाही. फरशीवरचा डाग सुनेने पाहिला, तेव्हा कळले. तोवर दोन बोटे काळी पडली होती. ती काढावी लागली.

काका इस्पितळात असताना आमचे डॉक्टर त्यांना भेटायला गेले. आमच्यातले दोघे सोबत होते. डॉक्टर काकांना रागावतील असे वाटले होते. त्यांनी खुर्ची ओढली, काकांच्या हातावर हात ठेवला आणि विचारले, “काका, गोळ्या बंद केल्यात तेव्हा मनात काय होतं?”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गोळी घेतलो तर देवावर अविश्वास केल्यासारखं होईल, असं वाटलं डॉक्टर.”

ही समजूत काकांच्या मनात कुणी घातली? काही अंशी आम्हीच घातली, टाळ्या वाजवून. ही आमची कबुली.

आता मत. आपल्या मंडळीत बरे होण्याची एकच तऱ्हा आपण साजरी करतो: एका दिवसात, एका क्षणात बरे होणे. ऑपरेशन यशस्वी झाले की कृतज्ञतेची मिस्सा होते. मुतखडा काढला तर तो बाटलीत घालून घरी आणतात आणि पाहुण्यांना दाखवतात. बायपासची तारीख लोक वाढदिवसासारखी लक्षात ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. पण फिजिशियनच्या कामातले यश दिसत नाही, कारण ते यश म्हणजे न घडलेली गोष्ट असते. बारा वर्षे बीपी ताब्यात राहिले म्हणून अर्धांगवायू झाला नाही. शुगर सांभाळली म्हणून डायलिसिसची वेळ आली नाही. न झालेल्या अर्धांगवायूबद्दल कृतज्ञतेची मिस्सा सांगणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही. आणि ज्याबद्दल आपण कधी धन्यवाद देत नाही, त्याची किंमत आपल्याला हळूहळू वाटेनाशी होते. काकांच्या बाबतीत तेच झाले.

फिजिशियन म्हणजे काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. एमबीबीएसनंतर तीन वर्षे मेडिसिन या विषयात एमडी केलेला डॉक्टर. तो ऑपरेशन करत नाही. “डॉक्टर, तुम्ही हृदयाचे की पोटाचे?” असे लोक आमच्या डॉक्टरांना विचारतात. ते हसून सांगतात, “सगळ्या माणसाचा.” ताप, धाप, सूज, चक्कर, अशक्तपणा अशा अनेक तक्रारींमागे एकच कारण असू शकते, ते शोधणे हे त्यांचे काम. एकाच माणसाला शुगर, बीपी आणि किडनीचा त्रास असेल, तर एकाचे औषध दुसऱ्याला बाधणार नाही हे पाहणेही त्यांचेच काम.

या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा असतो. आपण “गॅस झालाय” म्हणतो, तेव्हा तो खरोखर गॅस असतो किंवा हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. मधुमेह्यांना कधी कधी छातीत कळ न येताच झटका येतो. नुसता घाम येतो, दम लागतो. म्हणून डॉक्टर खोदून विचारतात: जिना चढताना होते की जेवल्यावर? रात्री उशा किती लागतात? आपल्याला वाटते, उगाच वेळ काढताहेत. पण उशांची संख्या वाढणे हे हृदय थकल्याचे लक्षण असू शकते.

गळ्यात अडकवलेला स्टेथोस्कोपही ऐकण्याच्या या कामातूनच आला. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुण रुग्ण होती. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसऱ्या टोकाला कान लावला, आणि ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. लेनेक श्रद्धावान कॅथलिक होते. रुग्णाची मर्यादा राखण्याच्या धडपडीतून हे साधन जन्मले, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपल्या ख्रिस्तसभेने असाच एक फिजिशियन संत म्हणून आपल्यापुढे ठेवला आहे. त्यांचे नाव संत जुझेप्पे मोस्काती. ते ना धर्मगुरू होते, ना मठवासी. इटलीतल्या नेपल्स शहरात असाध्य रोग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इस्पितळात ते काम करत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. १९०६ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. डोंगराच्या पायथ्याशी टोरे देल ग्रेको गावातल्या इस्पितळात म्हातारे आणि लकवा झालेले रुग्ण अडकले होते. मोस्काती तिथे पोहोचले आणि त्यांनी रुग्णांना बाहेर काढले. त्यानंतर राखेच्या भाराने छप्पर कोसळले. पुढे इन्शुलिनचा शोध लागल्यावर नेपल्समध्ये ते वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत त्यांचे नाव घेतले जाते. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. १२ एप्रिल १९२७ रोजी, पवित्र सप्ताहातल्या मंगळवारी, त्यांनी सकाळी मिस्सा ऐकली, कम्युनियन घेतले, इस्पितळात गेले, दुपारी घरी रुग्ण तपासले आणि खुर्चीत बसल्या बसल्या प्राण सोडला. वय अवघे शेहेचाळीस. १९८७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले.

मोस्काती मिस्साही ऐकत आणि इन्शुलिनही वापरत. त्यांना यात विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसावा?

काही जण म्हणतील, पवित्र शास्त्रात प्रभूने हात ठेवला आणि माणूस बरा झाला, तिथे गोळीचे नाव नाही. खरे आहे. पण पवित्र शास्त्र सगळे वाचू या. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याबद्दलच आहे. वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, आणि औषधे जमिनीतून देवानेच उगवली आहेत, अशा अर्थाची शिकवण तिथे आहे. आजाऱ्याने आधी प्रार्थना करावी आणि मग वैद्यालाही जागा द्यावी, असेही तो ग्रंथ सांगतो. इतकेच नव्हे, तर वैद्यही आपल्या कामात यश यावे म्हणून देवाची प्रार्थना करतो, असे तिथे म्हटले आहे. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या पवित्र शास्त्रात हा ग्रंथ नसतो. पण तीमथ्याच्या पोटदुखीची काळजी करणारा पौल त्यांच्याकडेही आहे. त्याने तीमथ्याला नुसती प्रार्थना करायला सांगितले नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. आणि वैद्य लूक तर आपणा सर्वांचेच आहेत.

याच लूकने दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितली आहे. ती आपण कृतज्ञतेची गोष्ट म्हणून ऐकतो: दहा बरे झाले, एकच परत आला. पण मधला एक भाग आपल्या नजरेतून निसटतो. प्रभूने त्या दहाही जणांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. मोशेच्या नियमाप्रमाणे अंगावरचा डाग तपासून माणूस शुद्ध झाला की नाही हे ठरवणे याजकाचे काम होते. म्हणजे प्रभूने केलेला चमत्कारसुद्धा तपासणीला पाठवला गेला! खऱ्या बरे होण्याला तपासणीची भीती नसते.

ख्रिस्तसभा आजही असेच वागते. लूर्दमध्ये १८८३ पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. बरे झालो असे सांगणाऱ्यांचे कागद तिथे बारकाईने तपासले जातात. लूर्दला लाखो आजारी गेले, पण ख्रिस्तसभेने मान्य केलेले चमत्कार अजून शंभराच्या आतच आहेत. संतपद देण्यापूर्वी बरे झाल्याची जी घटना पुढे केली जाते, तीही डॉक्टरांपुढे ठेवली जाते. रोम इतकी सावध असताना आपण एका सभेत, एका साक्षीवर, गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकायला टाळ्या वाजवाव्यात का? काका खरोखर बरे झाले असते, तर शुगरच्या रिपोर्टने ते सांगितले असते. तो रिपोर्ट हातात घेऊन आम्ही दुप्पट टाळ्या वाजवल्या असत्या.

रिपोर्टवरून आठवले. आमच्या टेबलावर येणारे काही जण आदल्या दिवशी कडक उपास करून येतात. शुगर छान येते, ते खूश होतात. मग डॉक्टर त्यांना तीन महिन्यांची शुगर करायला सांगतात. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांना चिकटलेली साखर मोजली की गेल्या दोन-तीन महिन्यांत काय झाले ते कळते. एका दिवसाचा उपास तिथे उपयोगी पडत नाही. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी आपण विवेकाची तपासणी करतो, तीही अशीच हवी ना? देव आपला एक रविवार बघत नाही, आपले रोजचे दिवस बघतो. पाहुण्याच्या घरी नाकारलेला पेढा आणि न विसरता घेतलेली सकाळची गोळी हीही छोटी त्यागकर्मेच आहेत.

आता दुसरी बाजू. डॉक्टरांबद्दल लोकांच्या तक्रारी आम्ही घरोघरी ऐकतो आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. तीन तास रांगेत बसून तीन मिनिटे मिळतात. तपासण्यांची चिठ्ठी लांबलचक असते. औषधांचा खर्च पेन्शनला पेलत नाही. संत मार्क यांनी बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या बाईची गोष्ट सांगताना स्पष्ट लिहिले आहे, की तिने वैद्यांपायी सारे पैसे घालवले आणि दुखणे उलट वाढले. लूक तीच गोष्ट सांगतात, पण दुखणे वैद्यांमुळे वाढले हे काही सांगत नाहीत. स्वतः वैद्य ना! मात्र तिला कुणीही बरे करू शकले नाही, हे ते लपवत नाहीत. आपल्या विद्येची हद्द कबूल करणारा हा प्रामाणिकपणा चांगल्या फिजिशियनची खूणच आहे.

आमच्या डॉक्टरांनीही एकदा टेबल आवरताना असेच काही सांगितले. “मी फार थोड्यांना बरं करतो. बाकीच्यांना सांभाळतो,” ते म्हणाले. हा शब्द आम्ही विसरलो नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे इंजेक्शन दिले गेले. ते घेणारा तो पहिला मधुमेही. तो मरणाच्या दारात होता. इन्शुलिनने त्याचा मधुमेह गेला नाही, पण रोजच्या इंजेक्शनांवर तो आणखी तेरा वर्षे जगला. हा चमत्कार लहान आहे का? आपण घरातून निघताना एकमेकांना काय म्हणतो? ‘देव सांभाळो.’ म्हाताऱ्या माणसांना आयुष्याबद्दल विचारा, ती सांगतात, ‘देवानं सांभाळलं.’ आपल्या देवाचे रोजचे काम सांभाळण्याचेच आहे. मग जो डॉक्टर सांभाळतो, तो देवाच्या कामाबाहेर कसा?

म्हणून आमच्या धर्मग्रामापुढे आणि ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येक मंडळीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली, साक्ष देताना कुणी ‘औषध सोडले’ असे म्हणाले, तर सभा चालवणाऱ्याने त्याच व्यासपीठावरून प्रेमाने सांगावे: डॉक्टरांना दाखवून ये, मग आपण सगळे मिळून धन्यवाद देऊ. शुगर, बीपी, फिट, टीबी, मनाचे आजार यांची औषधे आपल्या मनाने थांबवणे धोक्याचे असते. ज्यांना लहानपणापासून इन्शुलिनच लागते, त्यांच्या तर ते काही दिवसांत जिवावर बेतू शकते.

दुसरी, डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून न्यावेत. चार डॉक्टरांची मिळून अकरा औषधे चालली आहेत, असे आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी बीपी वाढवू शकते, किडनीला इजा करू शकते. डॉक्टरांपासून काही लपवू नये. ज्यांना गोळ्यांच्या वेळा लक्षात राहत नाहीत अशा एकेका आजी-आजोबांची जबाबदारी आमच्यापैकी एकेकाने घ्यायचे ठरवले आहे.

तिसरी, चर्चच्या दारात डॉक्टरांना रिपोर्ट दाखवू नयेत. मिस्साला आलेला डॉक्टरही दमलेला माणूस असतो, त्यालाही प्रभूपुढे गुडघे टेकायचे असतात. रात्री त्याच्या हातून एखादा रुग्ण गेलेला असतो आणि सकाळी तो आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

चौथी, संत लूकच्या सणाजवळच्या रविवारी एक नवी साक्ष ऐकू या. जे दहा-दहा वर्षे न चुकता गोळी घेत आहेत, त्यांनी उभे राहावे. त्यांना सांगण्यासारखे नाट्यमय काही नसेल. तरीही त्यांचे ऐकू या.

काका आता काठी घेऊन येतात. दुसऱ्या रविवारी रांगेत ते पहिले असतात. गेल्या महिन्यात त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका गोवेकर आजींनी बीपी नीट आले म्हणून डॉक्टरांना म्हटले, “देव बरें करूं, बाबा.” गोव्याकडे आभार मानायचे हे रोजचेच शब्द. काका वळून म्हणाले, “देव करतोयच की ओ, आजी. गोळी चुकवू नका तेवढं.”

हे दयाळू पित्या, जे दुखणे आमच्यावर आले नाही, जी रात्र इस्पितळात काढावी लागली नाही, जे पाय अजून आम्हांला तुझ्या मंदिरात घेऊन येतात, त्यांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या डॉक्टरांचे कान, हात आणि मन तू सांभाळ. आणि टाळ्या वाजवण्यापूर्वी आपल्या भावाची विचारपूस करण्याचे शहाणपण आम्हांला दे. आमेन.